बूच कोणी काढलं?

१

मास्तरांची बोट धक्क्याला बांधलेलीच होती, पण तिचं शेपूट पाण्याखाली गेलं होतं. नाक वर, मागची बैठक पाण्यात, आणि एक लाल गादी सुटून स्वतःच्याच नादात तरंगत होती. सकाळच्या उन्हात तळं असं चमकत होतं की जणू काही झालंच नाही.

माझा नवरा गाडीतून उतरला आणि "अरे बापरे" म्हणून तिथेच थबकला. मी बोटीकडे फार वेळ बघितलंच नाही. मी ठकीकडे बघत होते.

ठकी म्हणजे आमची पंधरा वर्षांची मुलगी. पोहण्याच्या कपड्यांची पिशवी तिने पोटाशी धरली होती. "उद्याचे कपडे काढून ठेव," असं मी आदल्या रात्री एकदाच म्हटलं होतं आणि तिने ते मुकाट्याने काढून ठेवले होते. आमच्या घरात एका सांगण्यात काही होत नाही. म्हणून त्या पिशवीचं मोल मला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी एका सुट्टीत ती भाड्याच्या बोटीमागे दोरी धरून स्की करत होती. इंजिन मागे लटकवलेली बोट. ती शिडीपाशी पोहत आली तरी चालवणाऱ्याने इंजिन बंद केलं नव्हतं. फिरता पंखा पोटरीला लागला. जखम भरली, डॉक्टरांनी पाठ थोपटली, पण त्या दिवसापासून पाणी घोट्याच्या वर आलं की पोरीचे ओठ पांढरे पडायचे. त्याआधी हिला पाण्यातून ओढून बाहेर आणावं लागायचं, हे आता सांगूनही कोणाला पटलं नसतं.

म्हणून आम्ही इंजिन पोटात असलेली बोट शोधत होतो. तिचा पंखा मागे नसतो, बोटीच्या खाली बराच आत असतो. मागच्या फळीवर पाय सोडून बसलेल्या माणसाच्या जवळपासही तो येत नाही. नवी घेण्याचं नाव काढायला नको होतं, तेव्हा वापरलेली. पुष्कळ बघितल्या आणि शेवटी दोन उरल्या, दोन्ही याच तळ्यावरच्या.

एक दलालाची. हा दलाल इतका गुळगुळीत की मी मनातल्या मनात त्याला चकाकराव म्हणायचे. त्याची बोटही तशीच. मोठाले स्पीकर, आरशासारखी बाजू. माझा नवरा तिच्यापुढे पार विरघळला. सासूबाईंनी मात्र वाकून बोटीच्या तळावरची फळी उचलली, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "पोटात ताजा रंग? पोटातलं दिसू द्यायचं नसेल तोच पोटात रंग लावतो." चकाकराव हसला, पण अर्धंच.

दुसरी मास्तरांची. मास्तर म्हणजे पोहायला शिकवणारे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी पाण्यात तरंगायला शिकवलेलं, आता गुडघे गेले म्हणून बोट विकायला काढलेली. स्टिअरिंगचं कातडं त्यांच्या हातांच्या जागी झिजलं होतं, ते त्यांनी लपवलं नव्हतं. इंजिनाखाली तेलाचा डाग नाही. सासूबाईंनी तळ बोटांनी ठोकून बघितला, सगळीकडे एकसारखा टणक आवाज. "इतक्या वापरलेल्या आणि इतक्या जपलेल्या वस्तू मी फार कमी बघितल्यात," त्या म्हणाल्या. सासूबाईंकडून कौतुक मिळायला मला स्वतःला आठ वर्षं लागली होती.

ठकी तेव्हा शेडमध्ये ट्रॉलीवरच्या त्या बोटीखाली सरपटत गेली होती. पंख्यापासून मागच्या कडेपर्यंत तिने हात पसरून अंतर मोजलं. केसांत धूळ घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "हिच्यामागे मी येईन."

तो दिवस आज होता. आणि बोट बुडाली होती.

मास्तर धक्क्यावर उभे होते, शर्टाच्या खिशावर तळहात दाबून. बोटीकडे न बघता ते म्हणाले, "जुनी झाली हो. फुटली असेल कुठेतरी. तुम्ही दुसरी बघा."

ठकीने पिशवी गाडीत टाकली. "मला माहीतच होतं," ती म्हणाली. "बोटी अशाच असतात."

नवऱ्याने किल्ली फिरवली. मागून सासूबाईंचा आवाज आला, "गाडी बंद कर. आपण कुठेही जात नाही."

२

माझ्या सासूबाई विमा कंपनीत होत्या. जळालेल्या, आपटलेल्या, चोरीला गेलेल्या गाड्या बघायच्या आणि खरं काय घडलं ते लिहायचं, हेच त्यांनी जन्मभर केलं. त्यांच्यापुढे खोटं बोलणारा माणूस वाक्य संपायच्या आत स्वतःच दुरुस्त्या करायला लागतो. मी सून आहे, मला विचारा.

"काय झालं, आई?" मी हळूच विचारलं.

"मास्तर खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "आपल्या बोटीला पाण्याचा शिंतोडा उडाला तरी फडकं घेऊन धावणारा माणूस. ती बुडाली तर आधी बघेल तरी, का बुडाली ते. हे न बघताच फुटली म्हणतात. पोटच्या पोरावर आळ घेतात का कोणी उगाच?"

तेवढ्यात मिस्त्री ट्रॅक्टर घेऊन आला. धक्क्यावरच्या सगळ्या बोटींची देखभाल हाच करतो. बारीक, तिखट तोंडाचा माणूस, कामाला मात्र वाघ. त्याने ट्रॉली पाण्यात सोडली, बोट तिच्यावर ओढून बांधली आणि हळूहळू उतारावरून वर आणली. "तळ उथळ होता म्हणून वाचली," तो म्हणाला. "मागचा भाग गाळावर टेकला. पाणी इंजिनाच्या कमरेपर्यंतच गेलंय, नाकातोंडात नाही. आज हात लावला तर इंजिन जगेल."

बोट बाहेर आली आणि मागच्या बाजूला, अगदी खाली, अंगठा जाईल एवढ्या भोकातून पाण्याचा जाड झोत सुरू झाला. बोट रिकामी होईपर्यंत आम्ही सगळे त्या झोताकडे बघत राहिलो.

मिस्त्रीचा चेहरा उतरला. "बूच कुठंय?"

"कसलं बूच?" ठकीने विचारलं. त्या सकाळचा तिचा हा पहिला प्रश्न.

"पितळी, आट्यांचं. बोट जमिनीवर असली की काढायचं, म्हणजे आतलं पाणी निथळतं. पाण्यात सोडायच्या आधी लावायचं." मिस्त्रीने स्वतःचा हात पुढे केला. "काल दुपारी या हाताने लावलं मी. पान्याने आवळून! शपथ घेऊन सांगतो."

सासूबाईंनी बोटीभोवती चक्कर मारली. तळावरून बोटं फिरवली, कुठे तडा नव्हता. मग त्या ठकीपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"हे बघ, ठके. बोट फुटलेली नाही. कोणीतरी तिचं बूच काढलंय."

"म्हणजे बुडवली? मुद्दाम?"

"ते अजून कळायचंय."

ठकी म्हणाली, "कळेपर्यंत मी हिच्या जवळ जाणार नाही," आणि जाऊन गाडीत बसली. काच मात्र उघडी ठेवली.

३

बुडवायचं कारण असणारी माणसं शोधायला लांब जावं लागलं नाही.

चकाकराव तर समोरच होता. कडक इस्त्रीची पँट घालून तो आला आणि दुःखी चेहरा करून माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटलं हो. पण माझी बोट तयार आहे. आत्ता फेरी मारू."

"काल संध्याकाळी तुम्ही इथे होतात?" सासूबाईंनी विचारलं.

"होतो ना. एका गिऱ्हाइकाला घेऊन आलो होतो, अंधारायच्या बेताला. तेव्हाच म्हटलं त्यांना, ही मास्तरांची बोट बघा, बाजूने सारखी धार चाललीय. गळकी! नुसती बाहेरून बरी."

"तुम्ही आलात तेव्हा धार चालूच होती?"

"आल्यापासून. मास्तरांचा जावई तिथेच उभा होता, त्यालाच विचारा की."

माझ्या नवऱ्याने माझ्या कानात म्हटलं, "यानेच केलं असणार. फायदा याचाच." माझंही तेच मत होतं, पण मी ते सासूबाईंपुढे बोलले नाही. त्यांच्यापुढे मत मांडायचं तर सोबत पुरावा लागतो.

मग जावई. मास्तरांच्या मुलीचा नवरा, शाळेत भूगोल शिकवणारा, सरळ नाकाचा, अबोल. सासऱ्यांनी त्याला याच बोटीमागे स्की शिकवली होती. बोट विकायची ठरली तेव्हा त्याने चारचौघांत म्हटलं होतं, "ही गेली तर मी या धक्क्यावर पाय ठेवणार नाही." हे आम्हाला मिस्त्रीने सांगितलं, चकाकरावाने सांगितलं, आणि चहा आणून देणाऱ्या बाईंनीही सांगितलं.

"हो, म्हटलं होतं," जावई म्हणाला. त्याची नजर जमिनीवर.

"काल इथे कधी आलात?"

"मिस्त्री बोट बांधून ट्रॅक्टर घेऊन निघाला, त्याच्या मागोमाग. तिला शेवटचं बघून घ्यावं म्हणून आलो होतो."

"धार पडत होती?"

"थोड्या वेळाने सुरू झाली. मला वाटलं, मिस्त्रीने धुतली असेल, आतलं पाणी निघतंय."

"बुचाबद्दल काय माहीत आहे?"

जावयाने तोंड उघडलं, मास्तरांकडे एकदा बघितलं आणि मिटून घेतलं. "काही नाही."

आता मास्तर. ते शेडमध्ये बाकावर बसले होते, खिशावरचा हात तसाच. मला तर वाटलं यांच्या छातीत दुखतंय. सासूबाईंनी पाणी दिलं, तर ते त्यांनी डाव्या हाताने घेतलं.

"मास्तर, शेडची किल्ली कोणाकोणाकडे असते?"

"मिस्त्रीकडे. आणि आमच्या घरी." मग एकदम चिडून म्हणाले, "कशाला चौकशा? माझी बोट, माझी चूक. मीच बूच लावायला विसरलो असं धरा."

"मघाशी फुटली म्हणालात."

मास्तरांनी शेडबाहेरच्या जावयाकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली. ज्याला पाण्याची भीती नव्हती, तो माणूस एका म्हाताऱ्या बाईला घाबरला होता.

सासूबाई बाहेर आल्या. "सूनबाई, दोन माणसं एकमेकांकडे बघून गप्प बसली की समजायचं, चोर दोघांपैकी कोणीच नाही. प्रत्येकाला वाटतंय दुसरा आहे."

"पण मग कोण?"

"आधी मला सांग, बॅटरी कोणी खाल्ली?"

४

मला वाटलं, उन्हाने त्यांचं काहीतरी झालं. पण त्या सरळ मिस्त्रीकडे गेल्या. तो इंजिनाचे प्लग काढून आत ओल शिरली का ते बघत होता.

"बॅटरी बघितलीस?"

"मेलीय. ठार! पण बाई, काल मी पूर्ण भरलेली बसवली होती. दिवा नाही, रेडिओ नाही, सगळ्या कळा बंद."

"एक कळ तुझ्या हातात नाही," सासूबाई म्हणाल्या. "पोटात पाणी आलं तर उपसणारा पंप असतो ना? तो कसा चालू होतो?"

"आपोआप. आत पाणी चढलं की तरंगता खटका वर उचलला जातो आणि..." मिस्त्रीचा पाना हवेतच राहिला. "आणि बाजूच्या नळीतून पाणी बाहेर फेकतो. धार पडते."

सासूबाईंनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. गाडीची काच उघडीच होती, तरी त्यांनी आवाज मुद्दाम चढवला.

"धार म्हणजे गळती नव्हे. धार म्हणजे पंप आत आलेलं पाणी बाहेर टाकत होता. मिस्त्री बोट बांधून निघाला आणि थोड्याच वेळात ती सुरू झाली, म्हणजे बोट पाण्यात उतरली तेव्हाच भोक उघडं होतं. हे दलालसाहेब आले नंतर. आणि पाण्यात तरंगणाऱ्या बोटीचं ते बूच काढायचं तर कमरेएवढ्या पाण्यात शिरून खाली हात घालावा लागेल. या पँटवर त्यांचा जीव आहे, ते काही तसं करणार नाहीत."

चकाकरावाला खूश व्हावं की रागवावं ते कळेना.

"म्हणजे बूच काढलं ते जमिनीवर. इथेच, या शेडमध्ये, मिस्त्रीने ते लावल्यानंतर आणि ट्रॅक्टर आणायच्या आधी. आणि शेडची किल्ली मिस्त्रीखेरीज एकाच घरात आहे." त्या मास्तरांपुढे उभ्या राहिल्या. "मास्तर, तुमचे गुडघे तुम्हाला बोटीखाली वाकू देत नाहीत. म्हणून मी तुम्हाला विचारत नाही की बूच कोणी काढलं. मी एवढंच म्हणते, खिशात काय आहे ते दाखवा."

मास्तरांचा हात खाली आला. खिसा लोंबत होता. त्यातून त्यांनी पितळेचं, आटे झिजलेलं, जुनं बूच काढून बाकावर ठेवलं.

"आज पहाटे माझ्या टेबलावर सापडलं," ते म्हणाले. "जावईबापू, मी काही बोलणार नव्हतो हो. तुमचा जीव होता तिच्यावर. मला समजतं."

जावई ताडकन उभा राहिला. "बाबा, काय बोलताय? मी तर तुम्हाला वाचवायला गप्प बसलो! तुम्हीच नाही का सांगितलंत बूच काढायला?"

"मी?"

"तुम्ही!"

५

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "मास्तर, काल तुम्ही नेमके कोणते शब्द बोललात?"

"मी म्हटलं, उद्या पाहुणे यायचेत, जावईबापू, तेवढं बूच काढून ठेवा."

"बघा!" जावई म्हणाला. "तेच तर केलं मी. शेडमध्ये गेलो, बोटीखाली वाकलो, बूच काढलं, पुसलं, तुमच्या टेबलावर ठेवलं. बाबांनी नवीन बूच आणलंय हे मला माहीत होतं. म्हटलं, नवं लावायचंय म्हणून जुनं काढायला सांगतायत. संध्याकाळी बोट पाण्यात दिसली, तेव्हा वाटलं नवं लागलं असणार. सकाळी बघतो तर ती बुडालेली आणि भोक मोकळं. मग वाटलं..." तो अडखळला. "वाटलं, बाबांना तिला दुसऱ्याच्या हाती देववेना, म्हणून..."

मास्तर तोंड वासून ऐकत होते. "अहो, मी नवं बूच म्हणत होतो! कपाटातलं! पाकिटातून काढून ठेवा, मिस्त्री आला की त्याच्या हातात देऊ, एवढंच. आणि हा शहाणा मिस्त्री जुनंच लावून मोकळा झालेला, हे मला काय ठाऊक?"

"पाहुण्यांना ताटकळायला नको म्हणून सोडली मी संध्याकाळीच," मिस्त्री पुटपुटला. "लावलेलं बूच परत कोण बघतं?"

सासूबाई शेडच्या दारात गेल्या आणि गाडीकडे बघून त्यांनी हाक मारली.

"ठके! काल रात्री तुझी आई तुला काय म्हणाली होती?"

काचेतून डोकं बाहेर आलं. "उद्याचे कपडे काढून ठेव."

"मग काय केलंस?"

"कपाटातून काढले, पिशवीत भरले."

"अंगावरचे उतरवून नाही ना ठेवलेस?"

"आजी!" ठकी ओरडली, आणि मग तिला हसू फुटलं. पाठोपाठ जावयाला. मास्तर इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि नंतर ते हसण्याचं राहिलं नाही. जावयाने सासऱ्यांच्या पाठीवर हात ठेवला. दोघांनीही एकमेकांना गुन्हेगार समजून सकाळभर जिवापाड जपलं होतं. मी भांडणं पुष्कळ बघितली आहेत, पण असा संशय मी पहिल्यांदाच बघितला, आणि सांगायला लाज कसली, मला त्या दोघांचा हेवा वाटला.

ठकी गाडीतून उतरली. हसू ओसरलं होतं. ती बोटीपाशी आली, पण हात लावला नाही.

"पण बुडाली ती बुडालीच ना, आजी."

"कधी बुडाली?"

"रात्री."

"तिच्या पोटाला अंगठ्याएवढं भोक होतं," सासूबाई म्हणाल्या. "ते उघडं ठेवून तिला पाण्यात सोडली. आत माणूस नाही, बघायला कोणी नाही. तरी ती पाणी उपसत राहिली. बॅटरीत शेवटचा थेंब होता तोवर उपसत राहिली. मी इतक्या गाड्या बघितल्या, ठके, एवढं झुंजलेलं यंत्र मी बघितलं नाही. माणसांनी तिचं बूच काढलं. तिने आपलं काम सोडलं नाही."

ठकीने बोटीच्या मागच्या कडेवर तळहात ठेवला. पंख्याची जागा तिने पुन्हा एकदा वाकून बघितली.

"मिस्त्रीकाका," ती म्हणाली, "इंजिन कधी सुरू होईल?"

६

मिस्त्री आणि जावई यांनी मिळून ते इंजिन उघडलं, तेल पुन्हा पुन्हा बदललं, एकेक भाग वाळवला. मास्तर शेजारी बाकावर बसून सूचना देत राहिले आणि दोघंही त्या ऐकल्यासारखं करत राहिले. माझ्या नवऱ्यानेही बाही वर करून गाद्या उन्हात उलटसुलट केल्या. स्पीकरचं नाव त्याने काढलं नाही, याबद्दल त्याचं कौतुक करायला हवं.

इंजिनाने आवाज दिला त्या दिवशी आम्ही बोट घेतली. पहिली फेरी मास्तरांनी मारायची, ही सासूबाईंची अट. जावई मागे तोंड करून बसला, कारण ओढणाऱ्या बोटीत एकाने सतत मागे बघायचं असतं. मी त्याच्या शेजारी.

ठकी मागच्या फळीवर पाय सोडून बसली. पाणी घोट्याच्या वर गेलं. मग गुडघ्याच्या वर. तिचे ओठ पांढरे झाले, मी बघितले. मी उठणार होते, पण सासूबाईंनी माझा दंड धरला. त्यांची पकड अजून चांगलीच घट्ट आहे.

मास्तरांनी इंजिन बंद केलं. पूर्ण बंद. आणि मागे न बघता मोठ्याने म्हणाले, "मुली, तू सांगशील तेव्हाच सुरू करेन. आज नाही म्हणालीस तर उद्या. मला दुसरं काही काम नाही."

तळं शांत झालं. ठकी पाण्यात उतरली, दोरी धरून लांब गेली, आणि पाण्यावर फक्त तिचं डोकं आणि स्कीची टोकं दिसत राहिली. मास्तरांनी मग विचारलं, "सुरू करू?" तिने मान डोलावली. इंजिन बोटीच्या पोटात घुमायला लागलं. दोरी हळूहळू ताणत गेली. मग काही नाही. आम्ही सगळे श्वास धरून बसलो, आणि त्या ‘काही नाही’मध्ये मी नको नको ते सगळं बघून घेतलं.

"अहो मास्तर," पाण्यातून आवाज आला, "झोपलात का? ओढा ना!"

बोटीने उसळी घेतली. त्यापुढचं मला काहीच दिसलं नाही, कारण मी हमसून हमसून रडत होते.

"उभी राहिली गं," सासूबाई म्हणाल्या, म्हणून मला कळलं.